पर्थला आपली कुणी दिलेली नाही

करंजाडे,
१८ जानेवारी २०२६

चि. रंजिता हिस,
सगुणा आत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तूही तिकडे तब्येतीला जपून असशील. ऊन फार आहे म्हणतात, टोपीशिवाय उभी राहू नकोस. नीट जेवतेस का, हे शर्मिला वहिनीने विचारायला सांगितलंय. मी म्हटलं, अगं, तुझ्या मुलीने काय खायचं ते सांगायला टीमने पगारी माणूस ठेवलाय, तुझ्या विचारण्याने काय होणार? तरी लिही म्हणाली. लिहिलं.

पत्र बघून हसशील. पण तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं सामसूम. मी उभा जन्म बालवाडीत काढला. रुसलेलं पोर कोपऱ्यात जाऊन बसलं की त्याला हाका मारायच्या नसतात, शेजारी जाऊन बसायचं असतं. पर्थला येऊन बसणं काही मला जमायचं नाही, म्हणून हा कागद. समोरच्या बिल्डिंगमधल्या जयमालाबाईंची श्रुती तिकडे शिकायला निघाली आहे, तिच्या हाती देते. सोबत सुकट देणार होते. श्रुती म्हणाली, आत्या, तिकडे विमानतळावर बॅगा उघडतात आणि खाण्याचं काढून घेतात. मग नुसता कागदच.

मी जुईनगरहून इकडे आठवडाभर राहायला आलेय. सहजच. तुझ्या आतोबांचं जेवणखाण सूनबाई बघते. इथे तुझा भाऊ केतन एपीएमसीतल्या कांद्याच्या गाळ्यावरून दुपारी घरी येतो आणि आला की आडवा होतो. मध्यंतरी होत नव्हता, पण ते असो. तुझा बाबा बरा आहे. हाताचं तुला वहिनीने कळवलंच असेल, बाथरूममध्ये पाय सरकला. त्यावर मी जास्त काही लिहीत नाही.

विमानं आता रोज डोक्यावरून जातात. तू बंगळुरूला निघालीस त्या दिवशी तुझं विमान आपल्या जुन्या गावाच्याच जमिनीवरून उडालं. बाबा गच्चीत उभा होता. तुझं कुठलं ते त्याला कुठे कळतंय? सकाळपासून जाईल त्या प्रत्येक विमानाला हात करत होता. खालून लोक बघत होते. मी त्याला म्हटलं, बस झालं, अर्ध्या हिंदुस्थानाला निरोप देऊन झाला तुझा.

तुझ्या तिन्ही मॅच आम्ही बघितल्या. केतनने मोबाइल टीव्हीला जोडून दिला होता. पहिलीत चार, दुसरीत भोपळा, तिसरीत अकरा. तिन्ही वेळा एकच गोष्ट. तू पुढे वाकलीस, चेंडू छातीपर्यंत उसळला, बॅटची कड घेऊन मागे कीपरच्या हातात. आणि परवा तू आईला लिहिलंस की शेवटची मॅच झाली की बॅट इथेच कुणाला तरी देऊन टाकते, परत आल्यावर नोकरी बघते. वहिनीने तो मेसेज मला दाखवला, बाबाला नाही. शेवटची मॅच येत्या रविवारी. म्हणजे हे पत्र त्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. श्रुतीला मी तशी ताकीद दिली आहे.

खेळायचं कसं ते मी सांगणार नाही. करंजाड्याच्या गॅलरीत बसून पर्थच्या पिचवर बोलणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण अनोळखी पिच काय चीज असते ते मला चांगलं ठाऊक आहे. ते कसं, ते ऐक.

तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट. दिवाळीनंतर भातं कापून झाली की खाडीकाठच्या सगळ्या गावांत मॅची सुरू व्हायच्या. प्रत्येक गावची पिच वेगळी. आपल्या गावची मिठागराच्या वाफ्यासारखी केलेली. खाडीचा चिखल आणायचा, खाडीचंच पाणी शिंपायचं, आणि बायापोरांसकट सगळ्या गावाने पायांनी तुडवून तुडवून तो घट्ट करायचा. वाळला की वर मिठाची पांढरी साय यायची. त्या पिचवर चेंडू गुडघ्याच्या वर कधी आलाच नाही. त्यामुळे आपल्या गावचा प्रत्येक बॅट्समन कंबरेत वाकून खेळायचा. परगावची माणसं चिडवायची, "हे बॅटिंग करतान का भात लावतान?"

माझं लग्न झालं आणि मी आताच्या जुईनगरच्या बाजूच्या गावात आले. तिथली पिच मुरमाची, उड्या मारणारी. पहिल्याच हिवाळ्यात सासर विरुद्ध माहेर अशी मॅच ठरली. दोन दिवस आधी तुझा बाबा दारात हजर. मिसरूड फुटलेलं कार्टं, हातात जिवंत चिंबोऱ्यांची पिशवी. ती माझ्या सासूबाईंच्या, शेवंताबाईंच्या पुढ्यात ठेवली, पाणी प्याला आणि मी मागल्या दारी गेले तसा मागोमाग आला.

"ताय, तुज्या सासरची पिच कशी हाय गो?"

मी कशी आहे ते विचारलंच नाही. लग्नानंतर भाऊ पहिल्यांदा भेटत होता मला.

मी सगळं सांगून टाकलं. मुरूम कुठला, पाणी कधी मारतात, कुठल्या टोकाला खड्डा आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला सांगायला नको. पण हे एकट्या आमच्याकडे होतं असं समजू नकोस. खाडीकाठची ती रीतच होती. ज्या गावाशी मॅच, त्या गावात आपली कोण दिलीय ते आधी बघायचं, आणि तिच्या भावाने चिंबोऱ्या नाहीतर कोळंबी घेऊन तिच्याकडे जायचं. आपली रंगूबाई बेलापूरच्या बाजूला दिलेली. ती तर तिच्या सख्ख्या दिराच्या कुठल्या बोटाला लागलंय तेही कळवायची, कारण दीर बोलर. आणि ज्या गावात आपली कुणीच दिलेली नसेल तिथे जायला आपली टीम कचरायची. बाबा म्हणायचा, "तिथं आपली कोन नाय. आंधल्यासारका जावा लागल."

शेवंताबाई मात्र कच्च्या गुरूच्या चेली नव्हत्या. तिसऱ्या वर्षी चिंबोऱ्यांचा रस्सा ओरपता ओरपता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुजा भाव चिंबोऱ्या आनतो तवाच बरी मॅच असते गो." एवढंच बोलल्या आणि वाटी चाटूनपुसून ठेवली. मॅचच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या पोरांना हाताशी धरून त्यांनी अख्खी पिच भिजवून घेतली. मी सांगितली होती कोरडी, उसळणारी. मिळाली रबडी. आपली टीम अडतीस रनांत घरी. मी ओट्यावर तोंड लपवून बसले होते. जाताना बाबा माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता तासणार. तर म्हणाला, "तुजी चूक नाय. सांगितलेली पिच येगली, पायाखालची येगली."

पुढच्या वर्षीही चिंबोऱ्या आल्याच. पण त्या वर्षापासून तो मॅचच्या सकाळी सगळ्यांच्या आधी यायचा, चपला काढायचा आणि डोळे मिटून पिचवरून अनवाणी चालायचा. आमच्या गावची पोरं हसून हसून लोळायची. त्या वर्षी कप माहेरी गेला, आणि तुझे आतोबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

हे सगळं मला आत्ताच का आठवावं? तर तुला पहिल्या मॅचला आउट होताना बघितलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की पर्थला आपली कुणी दिलेली नाही. नाहीतर तुझा बाबा पिशवी घेऊन कधीच पोचला असता.

दुसरी गोष्ट तुला ठाऊक आहे, पण अर्धीच. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा कुणी देव आणले, कुणी दाराच्या चौकटी आणल्या, कुणी आंब्याचं रोप आणलं. तुझ्या बाबाने पिच आणली. दोन टेम्पो भरून. मागच्या टेम्पोत त्या मातीच्या ढिगावर तू बसून आली होतीस, तुझे पाय मिठाने पांढरे झाले होते. इथल्या मैदानात मुरूम खोदून ती माती अंथरली, सगळ्यांनी तुडवली, अगदी पहिल्यासारखी. महिन्याभरात ती पापडासारखी तडकली. इतक्या जाणत्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की त्या मातीच्या खाली खाडी होती. भरतीला खालून ओल चढायची म्हणून ती मऊ राहायची. इथे खाली नुसता खडक. चेंडू एका भेगेत पडला की सरपटत जायचा, दुसऱ्या भेगेत पडला की नाकावर यायचा. लोक म्हणाले, काढून टाका. बाबा ऐकेना. दोन हंगाम त्याच भेगांवर स्वतः खेळला आणि तुलाही खेळवलं. आपल्याच मैदानावर आपण येईल त्या गावाकडून हरलो. शेवटी पोरांनी तिथे सिमेंटची पट्टी घातली आणि बाबाने बॅट माळ्यावर टाकली. एकदाच माझ्यापाशी बोलला, "मी पिचला घेऊन आलू, पन ती काय इथं रुजली नाय." ती माती अजून बिल्डिंगच्या मागे पडून आहे. वहिनीने तिच्यात मिरच्या लावून बघितल्या, एक रोप जगलं नाही.

इतका वेळ मी कडेकडेने चालतेय हे तुझ्या लक्षात आलं असेल. आता मधोमध येते.

तुझी ती मुलाखत इथे सगळ्यांनी बघितली. त्यात तू हिंदीत म्हणतेस की मी जिथे शिकले ती पिच नव्हतीच, चिखल होता, आणि ते सगळं विसरायचा प्रयत्न करतेय. कुणीतरी गावच्या ग्रुपवर टाकली. खाली लोकांनी काय काय लिहिलं ते मी पुन्हा लिहीत नाही. तू ते वाचलंस आणि तेव्हापासून तुझा फोन गप्प झाला. ते रागाने लिहिलेलं नाही, रंजू. त्यांना लागलं. गाव तर गेलंच होतं, आता आपल्याच पोरीने त्याला चिखल म्हटलं. मलाही लागलं, खोटं कशाला बोलू?

बाबाने ती जेवताना बघितली. केतनला म्हणाला, परत लाव. मग अजून एकदा. मग हात धुऊन उठला. वहिनीला वाटलं, आता तुला फोन करून बोलेल. फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी केतन घरी आला तसा त्याला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेला. सोबत माळ्यावरची बॅट, पाण्याची बादली आणि टेनिसचे चेंडू. चेंडू बादलीत बुडवायचा आणि थोड्या अंतरावरून सिमेंटवर जोरात आपटायचा. ओला चेंडू सटकतो आणि थेट छातीवर येतो. केतन म्हणाला, "बाबा, ह्या काय नवीन?" तर म्हणाला, "तिला काय येतंय तिथं, ता मला बगूं दे. तू टाक."

साठीला आलेला माणूस. आयुष्यात गुडघ्याच्या वरचा चेंडू धड खेळलेला नाही. रोज दुपारी खाली. चेंडू छातीला बसायचा, खांद्याला बसायचा, आणि वर आल्यावर वहिनीला वळ दिसू नयेत म्हणून सदरा उतरवायचा नाही. सोसायटीने पार्किंगमध्ये खेळण्यास मनाई अशी पाटी लावली. ती पोरांसाठी असेल, म्हणाला. मग एक दिवस चेंडू मनगटावर बसला. बाथरूममध्ये पाय वगैरे काही सरकलेला नाही. उजव्या मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय. मीही सहज आलेली नाही, वहिनीला एकटीला तो आवरेना म्हणून आलेय.

"तिला काय बोलू नको. तिची मॅच हाय," असं त्याने मला बजावलंय. जिने सासरची पिच माहेरी सांगितली तिला हा बजावतो.

दवाखान्यातून येताना रिक्षात तो जे बोलला तेवढं लिहिते. "ताय, आपल्या पिचवर बॉल सोडला का दांडी गुल. म्हनून ती आलेल्या सगल्या बॉलला बॅट लावते. मीच शिकवलाय ना. पन उसलनारा बॉल सोडला तर स्टंपाच्या वरशी जातो. मी सोडून बगितला. सोडता येतो." तुझ्या कोचने हे तुला केव्हाच सांगितलं असेल, बऱ्या भाषेत आणि मनगट शाबूत ठेवून. तरी पण तुझ्या बाबाने ते कसं शोधलं, हे तुला कळायला हवं असं मला वाटलं.

माफी माग असं मी म्हणत नाही. तू अगदीच चुकीचं बोललीस असंही नाही. आपली पिच पर्थला कामाची नव्हती हे तीन मॅची दिसतंय. फक्त विसरायच्या मागे लागू नकोस. मी सासरी आले तेव्हा सगळ्या बायांनी हेच सांगितलं, माहेरचं विसर म्हणजे इथे जीव लागेल. मी काही विसरले नाही आणि जीवही लागला. वेळ लागतो, एवढंच.

रविवारी मॅचच्या आधी परवानगी मिळाली तर बूट काढून जरा चालून बघ.

आणि बॅट कुणाला देऊ नकोस. लाकूड तुझं असेल, पण ती धरायला ज्याने शिकवलं त्याला विचारल्याशिवाय नको.

तुझीच,
कुणाचंच गुपित न राखणारी
सगुणा आत्या


पर्थ,
२६ जानेवारी २०२६

ती. आत्यास,
रंजिताचा नमस्कार.

कागद हॉटेलचा आहे. फोटो काढून केतनच्या फोनवर पाठवतेय, तो तुला मोठा करून दाखवेल.

श्रुती शुक्रवारी प्रॅक्टिसच्या वेळी आली. दोन बस चुकून आली होती बिचारी. पत्र देऊन लगेच निघणार होती, पण मी उभ्या उभ्या वाचायला लागले आणि मग तिला जाऊच दिलं नाही. आम्ही दोघी नेट्सच्या मागे बसून राहिलो. ती पण रडली. तिला इथला भात आवडत नाही म्हणून रडतेय म्हणाली.

रीत आहे म्हणून आधी पिच सांगते. कॅप्टनला विचारून सकाळी टॉसच्या आधी गेले आणि बूट-मोजे काढले. इथले पिच बघणारे एक आजोबा आहेत, मोठी हॅट घालतात. ते माझ्या पायांकडे बघत राहिले. आत्या, ही पण चिकणमातीच आहे. काळपट, रोलर फिरवून फिरवून दगड केलेली, वर कापलेलं गवत. डोळे मिटल्यावर पायाला थेट जुन्या गावची लागली. मी घाबरून डोळे उघडले. आणि भेगा आहेत. उन्हाने तडकते. बाकीच्या मुली त्या भेगा बघून टेन्शनमध्ये होत्या, बॉल कुठे जाईल सांगता येत नाही म्हणून. मला टेन्शन आलं नाही. मी दोन वर्षं भेगांवर खेळलेय, बाबांच्या टेम्पोतल्या मातीवर. तिथे आपण सारखे हरायचो म्हणून मला वाटायचं ती वर्षं फुकट गेली.

बॅटिंगला गेले आणि पहिला बॉल सोडला. दुसरा सोडला. मागे कीपरच्या ग्लव्हजमध्ये धप्प आवाज यायचा आणि माझे स्टंप जागेवर. खूप वेळ मी जवळजवळ काहीच केलं नाही. एक बॉल बरगडीवर बसला. फिजिओ धावत आली, शर्ट वर कर म्हणाली, आणि मला बाबांचा सदरा आठवला. बावन्न केले.

आउट कशी झाले ते ऐक. त्यांची फास्ट बोलर, बॉल भेगेत पडला आणि सरपटत आला. मी मागच्या पायावर सरळ उभी. घोट्यावर लागला, एलबीडब्ल्यू. पॅव्हेलियनमध्ये येताना मी हसत होते, कोचला वाटलं ऊन लागलं. आत्या, तो आपल्या गावचा बॉल होता. आठव्या वर्षी मी तो वाकून आरामात खेळले असते. सगळ्या टूरवर मी विसरायचंय, विसरायचंय करत होते. विसरले, आणि त्याच बॉलवर गेले.

मॅच आम्ही हरलो, ते लिहायचं राहिलंच.

मुलाखतीचं पण सांगते. त्या दिवशी बाकीच्या मुली माझ्या आधी बोलल्या. कुणाची अकॅडमी, कुणाकडे बोलिंग मशीन, कुणाचे वडील रणजी खेळलेले. माझ्यापुढे माइक आला आणि मला आपली पिच सांगायची लाज वाटली. कुणी चिडवायच्या आधी मीच तिला चिखल म्हटलं. ग्रुपवर लोकांनी जे लिहिलं त्याचं मला काही नाही. मी वाट बघत होते की बाबा काहीतरी लिहितील, शिवी तरी देतील. त्यांचं नावच आलं नाही. तेव्हा मी फोन बंद केला.

आता फोन लावायला हात होत नाही. हे पत्र तू त्यांना वाचून दाखव. सगळं वाच, लाजेचं पण. तू गाळणार नाहीस याची मला खात्री आहे, तुला गाळता येतच नाही.

गुरुवारी निघतोय. शुक्रवारी संध्याकाळी बंगळुरूहून आपल्या विमानतळावर उतरेन. बॅट बॅगेत आहे.

तुझी,
पर्थला न देताच आलेली
रंजू


करंजाडे,
२८ जानेवारी २०२६

बाय रंजू,

डाव्या हातान लिवतू. अक्षर वाकडा आलाय, समजून घे. हा पन फोटोच पाटवाला सांगतू केतनला.

तायनी तुजा कागद वाचला. चिखलाचा आला तवा ती थांबली. मी बोललू, वाच. चिखलच व्हता. आपन सगल्यांनी तुडवलेला व्हता, म्हनून पिच झाली. त्यान तुला लाज वाटली तर वाटूं दे. मला पन जुईनगरला खेलाला जाताना वाटायची, ती लोका भात लावतान बोलायची तवा. मी कोनाला सांगितला नाय, येवराच.

मॅच बगितली. तू पयला बॉल सोडलास तवा मी उटून उबा ऱ्हायलू. तुजी आय बोलली, बसा. मी बसलू नाय. बावन होईपरत उबाच व्हतू. तो शेवटचा बॉल मला आदीच दिसला, भेगंत पडायच्या आदी. तोंडातशी निंगाला, वाक. जोरान निंगाला. शेजारचे इचाराला आले, काय झाला. तुला आयकाला गेला नाय.

हात बरा हाय. आत्याचा काय मनाव घेऊ नको, ती वारवून, तिखटमीठ लावून सांगते.

शुकरवारी तू जिथं उतरशील तिथंच कुटं तरी आपली पिच व्हती. मी भायेर उबा आसन. हातान चिंबोऱ्यांची पिशवी आसल. तुज्या टीमच्या पोरी बगतील, तवा लाजू नको. घरा ये, हात-पाय धू, पोटभर जेव.

मंग मला सांग, पर्थची पिच कशी हाय गो?

इचाराला आलेला,
तुजा बापूस
कान्हा